यात्रेच्या वाटेवरचा समुद्र

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांचे पाणी पूर्वेला जाते. मांजरा लातूरचा मुलूख ओलांडून, बिदरकडून वळसा घेऊन अखेर गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेडचे घाट मागे टाकून तेलंगणमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. माणसे मात्र समुद्र पाहायला पश्चिमेला निघतात. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर एमएच २४ आणि एमएच २६ च्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. लातूरहून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून सहाशेच्या पुढे. वाटेत सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट.

किनाऱ्याच्या पर्यटनाचा विचार मी मुद्दाम या दोन जिल्ह्यांतून करतो आहे. कोणताही किनारा पर्यटनस्थळ होतो तो तिथल्या रहिवाशांमुळे थोडा आणि आतल्या मुलखातून येणाऱ्यांमुळे जास्त. म्हणून येणारा कुठला, त्याला सुटी कोण देतो, त्याची गाडी कोणत्या वाटेने येते आणि घरातून निघताना तो कारण काय सांगतो, हे आधी पाहावे लागते. पहिल्या तिन्ही गोष्टींवर पर्यटनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. कारणाकडे फारसे कोणी वळत नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा उलगडा तिथेच होतो. युरोपात समुद्रावर जायला पहिले कारण औषधाचे मिळाले. आपल्याकडे ते देवाचे मिळाले, आणि अजूनही बऱ्याच अंशी तेच चालते.

औषधाचे कारण

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये स्कारबरो नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात तिथे समुद्रालगत खनिज पाण्याचा झरा सापडला. पोटाच्या तक्रारी घेऊन लोक ते पाणी प्यायला जाऊ लागले आणि पुढच्या शतकात झऱ्याबरोबर समोरचा समुद्रही उपचारात धरला गेला. या समजुतीला शास्त्राचे वजन दिले डॉ. रिचर्ड रसेल यांनी. गाठी सुजण्याच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा त्यांचा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये निघाला आणि पाठोपाठ त्याचे इंग्रजी रूपही आले. खारे पाणी अंगावर घ्या आणि पोटातही घ्या, असा त्यांचा सल्ला. रसेल यांनी बस्तान बसवले ते ब्रायटनला. ते तेव्हा मासेमारीचे एक उतरते गाव होते.

रोग्याला पाण्यात नेण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. चाकांवरची लाकडी खोली घोड्याने ओढत पाण्यात न्यायची. आत कपडे बदलून रोगी मागच्या दाराने पाण्यात उतरायचा आणि त्यासाठीच नेमलेली दणकट बाई त्याला धरून बुचकळायची. मजा हा या प्रकाराचा अधिकृत हेतू नव्हता. मजा करायला आलेलेही वैद्याचे नाव पुढे करत. १७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज पहिल्यांदा ब्रायटनला गेला, पुढे त्याने तिथे महालच बांधला आणि औषधाला प्रतिष्ठेची जोड मिळाली. जर्मनीतले पहिले समुद्रस्नानाचे गाव हायलिगेनडाम. ते १७९३ मध्ये मेकलेनबुर्गच्या ड्यूकने वसवले, तेही वैद्याच्या सल्ल्यावरून.

मग रेल्वे आली. लंडन–ब्रायटन मार्ग १८४१ मध्ये सुरू झाला, लँकशायरच्या किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला गाडी १८४६ मध्ये पोचली. ब्लॅकपूलची गोष्ट आपल्याला जास्त कामाची आहे, कारण तिथे सरदार-दरकदार जात नव्हते. कापडगिरण्यांतले मजूर जात होते. त्यांच्या सुटीचे मूळ गावजत्रेत होते. प्रत्येक गावाच्या चर्चचा वार्षिक उत्सव असे आणि त्या आठवड्यात मजूर कामावर येत नसत. मालकांनी ते थांबवण्याचा नाद सोडून त्या आठवड्यात गिरणीच बंद ठेवायला सुरुवात केली. गावोगावच्या जत्रा वेगवेगळ्या तारखांना असल्यामुळे एका आठवड्यात एक गाव रिकामे होई, पुढच्या आठवड्यात दुसरे. ब्लॅकपूलच्या खानावळवाल्या बायकांना त्यामुळे सबंध उन्हाळा गिऱ्हाईक मिळत राहिले. उत्सव मागे पडला, सुटी उरली आणि ती सुटी समुद्रावर गेली. १८७१ मध्ये बँक सुट्यांचा कायदा आला, १८९४ मध्ये ब्लॅकपूलचा मनोरा उभा राहिला, १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने स्पेनचे ऊन स्वस्त झाले आणि या गावांची उतरती कळा सुरू झाली. पुढचा युरोपीय इतिहास आपल्या विषयाला फारसा लागत नाही.

समुद्र नसलेले राज्य

ब्लॅकपूलला आगगाड्या भरून जात होत्या त्या काळात नांदेड आणि लातूर निझामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याला समुद्र नव्हता. १७६६ च्या तहाने उत्तर सरकार हा आंध्रचा किनारपट्टा निझामाच्या हातून सुटला, १७८८ मध्ये गुंटूरही गेले. त्यानंतर हैदराबाद संस्थान सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेले राहिले. ही सल इतकी खोल होती की १९४७ च्या सुमारास निझामाच्या दरबाराने पोर्तुगीजांकडून गोवा किंवा निदान मुरगाव बंदर पदरात पडते का, याचीही चाचपणी करून पाहिली. ते साधले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेव्हा कुठे नांदेड-लातूरचा माणूस ज्या राज्याचा नागरिक होता त्या राज्याला किनारा लाभला. कोकण 'आपले' झाले ते प्रशासकीय फेररचनेने. ही गोष्ट अलीकडची आहे, आजही कित्येक घरांतल्या आजोबांच्या हयातीतली.

रेल्वे मात्र इथेही होती. ती कुठे जात होती ते पाहिले की फरक कळतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी नॅरोगेज १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीला आली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूरच्या कापसाला आणि गळिताच्या धान्याला तिने बाजार दिला, आणि आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपापर्यंत भरून वारकरी वाहिले. लँकशायरच्या गाडीने जत्रेची सुटी समुद्रावर नेली. लातूरच्या गाडीने ती आणखी मोठ्या जत्रेला नेली. नांदेडलाही १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरगेज आली. तिच्या एका टोकाला राजधानी होती आणि दुसऱ्या टोकाला मनमाड, म्हणजे मुंबईची वाट. ती वाट मुख्यतः कामाची आणि व्यापाराची.

तरीही समुद्र पाहिलेली माणसे या भागात होतीच. त्यांनी तो रामेश्वराला, जगन्नाथपुरीला नाही तर द्वारकेला पाहिलेला असे. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही जुन्या यात्रेची रीत. त्यात समुद्र हे तीर्थ होते. त्यात स्नान करायचे ते संकल्प सोडून, पर्वकाळ पाहून. एरवी समुद्राच्या पाण्यात उतरण्याला धर्मशास्त्राची फारशी संमती नव्हती. तीर्थावर मुक्काम असतो, करमणूक नसते. निदान सांगायला तरी नसते. गयेला-काशीला जाऊन आलेल्या माणसाच्या यात्रेच्या गोष्टी नीट ऐकल्या, तर त्यांत बाजार, खाणे, ठकवणारे पंडे आणि हरवलेला सोबती यांचे वर्णन देवापेक्षा जास्त असते. यात्रेच्या पोटात पर्यटन आधीपासून होतेच.

किनाऱ्यावरची माणसे

इकडे कोकणाला स्वतःच्या किनाऱ्याकडे फिरण्याची जागा म्हणून पाहायची सवय नव्हती. पुळण ही कामाची जागा: होड्या ओढायच्या, जाळी विणायची, मासळी सुकवायची. घरे नारळी-पोफळीच्या वाडीच्या आत, खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला. समुद्रस्नान होते तेही तिथीला बांधलेले. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या जत्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या वाजतगाजत येतात आणि समुद्रात तीर्थस्नान करतात. हरिहरेश्वरला लोक दक्षिण काशी म्हणतात; तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, लाटांच्या तडाख्यातून जाते. गोव्यातल्या सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यांत मे महिन्यात हवापालटासाठी किनाऱ्यावर राहायला जाण्याची आणि खाऱ्या पाण्यात डुंबण्याची पद्धत होती. रसेलच्या औषधाला आपल्या बाजूला सापडणारे जवळचे उदाहरण हेच.

इंग्रजांनी समुद्राचे वेड इकडे का आणले नाही? उत्तर हवेत आहे. ब्रायटनचा गार वारा कोकणात नाही. उन्हाळ्यात किनारा घामाघूम करतो आणि पावसाळ्यात चार महिने बंदरे बंद. साहेबाने सुटीसाठी डोंगर गाठला: १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत महाबळेश्वर, १८५० मध्ये मॅलेटने शोधलेले माथेरान. त्यामुळे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा महाराष्ट्राला थंड हवेची ठिकाणे तयार मिळाली, समुद्रकाठची जवळजवळ एकही नाही. जुहूचा अपवाद करावा लागेल, पण जुहू हे मुंबईचेच अंगण. कोकणातला तरणा माणूस मुंबईच्या गिरणीत होता आणि घर मनिऑर्डरीवर चालत होते. पाहुणा यावा आणि त्याने पैसे देऊन राहावे, ही कल्पनाच गावाला परकी होती. पाहुण्याकडून पैसे घेतात का?

गोव्याची वाट वेगळी पडली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्याच दशकाच्या अखेरीस हणजुणे-कळंगुटला हिप्पी आले, १९७४ मध्ये आग्वादला ताजचे हॉटेल झाले, १९८३ मध्ये राष्ट्रकुलातल्या राष्ट्रप्रमुखांचा विश्रांतीचा मुक्काम तिथे पडला आणि १९८७ पासून युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. गोव्याचा किनारा आधी परदेशी माणसासाठी घडला आणि मग देशी माणूस ते पाहायला गेला. मराठवाड्यातली पोरे मित्रांबरोबर 'गोवा मारून' येतात तो प्रवास आणि आईवडिलांना घेऊन केलेले 'कोकण दर्शन' हे एकाच रस्त्याने झाले तरी दोन वेगळे प्रवास आहेत. पहिल्यात देव नाही, म्हणून घरी सांगताना मंगेशी आणि शांतादुर्गा आठवणीने सांगावी लागते.

पुळ्याचा गणपती, दिवेआगरचा गणपती

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. किनाऱ्यावर त्याचे सर्वांत यशस्वी ठिकाण कोणते ठरले? गणपतीपुळे. डोंगराच्या पायथ्याशी स्वयंभू पश्चिमाभिमुख गणपती, डोंगरालाच घालायची प्रदक्षिणा आणि देवळाच्या पायऱ्यांशी समुद्र. महामंडळाचे निवास किनाऱ्याला लागून झाले, त्याभोवती खासगी लॉज वाढले. कोकणात याहून लांब, याहून सपाट आणि याहून सुरक्षित पुळणी आहेत. गुहागरची एक घ्या. सहाशे किलोमीटरवरून येणाऱ्या कुटुंबाला मात्र फक्त पुळण पुरत नाही. 'समुद्र बघायला चाललो' असे म्हणून सहा दिवसांची रजा, जीपचे भाडे आणि म्हाताऱ्या आईला घेऊन निघणे जमत नाही. 'गणपतीपुळ्याला चाललो' म्हटले की जमते. आईच आधी पिशवी भरते.

या प्रवासाचे दोन सरकारी आधारही आहेत. एक, सरकारी नोकरांची रजा प्रवास सवलत, जिला सगळे 'महाराष्ट्र दर्शन' म्हणतात. तालुक्याच्या गावातला शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक याच सवलतीत पहिल्यांदा सहकुटुंब कोकणात उतरला. इंग्लंडात १९३८ च्या कायद्याने गिरणीकामगाराला जे दिले ते इथे फक्त नोकरदाराला मिळाले. शेतकऱ्याला सोयाबीन निघून मोंढ्यात गेल्यावर हातात पैसा आणि थोडी उसंत येते, तीच त्याची रजा. दुसरा आधार एसटीची सवलतीतली शालेय सहल. तुळजापूर, पंढरपूर, नरसोबावाडी, कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, पावस, गणपतीपुळे, परतताना रायगड-प्रतापगड अशी तिची ठरलेली माळ असते. पालकांच्या सहीचा कागद निघतो तो देव आणि किल्ले यांच्या नावावर. मुले वाट पाहतात ती समुद्राची. अहमदपूर, उदगीर, लोहा, कंधार अशा गावांतल्या दोन पिढ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मास्तरांच्या शिट्टीच्या टप्प्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

पुळ्याच्या पुळणीवर असे एखादे कुटुंब संध्याकाळी नीट पाहावे. दर्शन झालेले असते, प्रसादाची पिशवी सुनेच्या हातात. आजी चपला काढते, लाटेच्या कडेला वाकून हळद-कुंकू वाहते, एक रुपया टाकते. ओंजळीतले पाणी आधी स्वतःच्या डोळ्यांना, मग नातवाच्या डोक्यावर. कोणीतरी जीभ लावून पाहते आणि तोंड वाकडे करते; खारट असते हे ठाऊक असून पाहतेच. बायका साडीसकट, एकमेकींचे हात धरून साखळी करून पाण्यात बसतात आणि लाट आली की किंचाळतात. पुरुष आधी लांब उभे, मग विजार वर करून, मग सरळ आत. अर्ध्या तासात तीर्थ संपून खेळ सुरू झालेला असतो आणि तो बदल कोणत्या लाटेला झाला हे सांगता येत नाही. मागे उंट, घोडागाडी, भेळ, वाळूत पळणारी चारचाकी मोटारसायकल. अंधार पडला की जीपमध्ये धपाटे आणि शेंगाचटणी, कारण खानावळीत मासळीचा वास येतो अशी आजीची तक्रार. पुळ्याच्या देवळाभोवती 'शुद्ध शाकाहारी'च्या पाट्या इतक्या का, याचे उत्तर या तक्रारीत आहे. मासळीच्या किनाऱ्यावर घाटावरच्या पाहुण्यासाठी पिठले आणि थालीपीठ रांधले जाते.

देवाचे कारण किती कामाचे, याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला पुरावा रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरने दिला. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी मिळाली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. पुळण आधीपासून होतीच, चांगली लांब आणि सपाट. तिच्यासाठी फार कोणी येत नव्हते. सुवर्णगणेशाची बातमी फुटली आणि बस भरून लोक येऊ लागले, घरोघरी खोल्या निघाल्या, खानावळी उघडल्या. २४ मार्च २०१२ च्या रात्री दोन पहारेकऱ्यांचा खून करून चोरट्यांनी मुखवटा पळवला. समुद्र जागेवर होता, वाडी जागेवर होती, गिऱ्हाईक ओसरले. पुढे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने पोफळी आडव्या केल्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली तेव्हा गावाला तो आनंद भक्तीचा होता, तसाच धंद्याचाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पंढरपूरही असेच चालते.

सिंधुदुर्गात हेच थोड्या निराळ्या रूपात दिसते. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तारकर्लीला पुढे स्कूबा डायव्हिंगचे केंद्र आले. पण घाटावरून आलेली बस आधी मालवणच्या जेटीवर थांबते, कारण शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला समोर आहे आणि त्यात महाराजांचे देऊळ आहे. पाण्याखालचे प्रवाळ ही नंतरची गोष्ट.

एका रात्रीचा पाहुणा

पर्यटनस्थळांच्या आयुष्याचा सर्वांत प्रसिद्ध आराखडा आर. डब्ल्यू. बटलर यांनी १९८० मध्ये मांडला. शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, स्थिरावणे, साचलेपण आणि मग उतार किंवा नवे रूप, अशा त्याच्या पायऱ्या. कळंगुटला तो बऱ्यापैकी लागू पडतो. गणपतीपुळ्याला पडत नाही, कारण तिथला पाहुणा कंटाळत नाही. जागा गजबजली, भाव वाढले, वाळूत कचरा दिसला, तरी देव तोच आहे. नवस फेडायला यायचेच असते. देवस्थानाच्या आश्रयाला असलेल्या किनाऱ्याला साचलेपणाची भीती कमी आणि म्हणून सुधारणेची घाईही कमी. हा या कारणाचा पहिला तोटा.

दुसरा तोटा मुक्कामाचा. यात्रेच्या माळेत प्रत्येक मण्याला एक रात्र. पुळ्याला सायंकाळी आलेली जीप सकाळी पावस करून कोल्हापूरच्या रस्त्याला लागते. ब्लॅकपूलचा मजूर आठवडाभर एकाच खानावळीत राहायचा. त्या आठवड्यावर गावाचे अर्थकारण उभे होते. एका रात्रीच्या पाहुण्याकडून गावाला खोलीभाडे, एक जेवण आणि कोकमाची बाटली एवढेच मिळते. गर्दी, वाहने आणि सांडपाणी मात्र पुरेपूर मिळते.

तिसरा प्रश्न सुटीच्या तारखांचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. लँकशायरच्या गावांच्या सुट्या पाळीपाळीने येत. आपल्या राज्यात शाळांचे वेळापत्रक एक, म्हणून दिवाळी, नाताळ आणि मे या तीन लाटांत सगळे एकदम निघतात. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला. त्याचा फायदा मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी अलिबाग गाठणाऱ्यांना झाला. नांदेडचा माणूस दोन दिवसांत जाऊन येऊ शकत नाही. मग चार-सहा आठवडे खोली मिळत नाही आणि उरलेले महिने खोल्या रिकाम्या. लॉजवाला त्या चार आठवड्यांतच वर्षाची कमाई काढतो आणि पाहुणा त्याला लुटारू म्हणतो. दोघांचेही खरे आहे.

मे महिन्याच्या गर्दीला पाण्याचीही बाजू आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मेमध्ये गावोगाव टँकर फिरतात. पाणी डोंगरावरून सरळ समुद्रात जाते. वाडीच्या विहिरींवर शिंपणे, घर आणि आता लॉजच्या खोल्या असा तिहेरी ताण. लातूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी त्याच्या शहरात मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आले होते. तरी हॉटेलात नळ सोडून अंघोळ करताना तोच माणूस हे विसरतो, हेही पाहिले आहे.

किनाऱ्यावर बांधायचे कुठे, हा वाद १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेपासून चालू आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला, ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी झाली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी त्यात सवलती दिल्या. एका रात्रीच्या पाहुण्याला खिडकीतून समुद्र दिसला नाही तरी चालते. तो देवळाजवळची खोली मागतो. पाण्यालगत बांधण्याचा हट्ट धरणारा पाहुणा वेगळा, आणि नियम सैल होतात ते बहुधा त्याच्यासाठी.

देवाशिवाय चाललेले उदाहरण म्हणून मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे बोट दाखवावे लागेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला घेतली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला आलेली माणसे घरांतच राहतात, घरचेच जेवतात. पैसा थेट घरात जातो आणि गावाला कासव जपण्यात रस येतो. हा पाहुणा मुख्यतः मुंबई-पुण्याचा, शिकलेला, स्वतःच्या गाडीचा. सहाशे किलोमीटरवरच्या आजीला या कारणावर घराबाहेर काढता येईल असे मला वाटत नाही.

विहिरीचे पोहणे

मराठवाड्यातला पुरुष पोहायला शिकतो तो विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. नाहीतर नदीच्या डोहात. परसाची खोल विहीर अंगावर घेतलेल्या माणसाला गुडघाभर लाटेची भीती वाटत नाही, आणि घात इथेच होतो. विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे चालते. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून जोरात बाहेर ओढले जाते. ही ओढ जोर धरते तेव्हा सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकते; तिच्या तोंडाशी पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. वरून पाहणाऱ्याला ती जागा उलट शांत दिसते, कारण तिथे लाट फुटत नाही. लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे हातपाय न मारता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरायचे असते. विहिरीत शिकलेले शरीर याच्या उलट करते: काठ दिसतो, काठाकडे झेप घेते, दमते.

गणपतीपुळ्याची पुळण उताराची आहे, चार पावलांत खोली वाढते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीची लाट माणसाला खडकावरून नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून शाळा-महाविद्यालयांच्या सहलींवर निर्बंधांची चर्चा दर हिवाळ्यात होते. जीवरक्षक, भोंगा, लाल झेंडा हे सगळे हवेच. पण हा पाहुणा तीर्थावर आलेला असतो, आणि तीर्थावर बुडी मारायचीच असते. त्याला 'पाण्यात उतरू नका' ही पाटी वाचून दाखवण्यापेक्षा पुजाऱ्याने दर्शनाच्या रांगेतच भरती-ओहोटीची वेळ सांगितली तर जास्त लागेल. गंगेवर घाट बांधून, साखळ्या लावून नदीचे स्नान सुरक्षित करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. समुद्राच्या काठी ती कोणी वापरली नाही.

शक्तिपीठांचा रस्ता

नांदेड-लातूरहून कोकणाला जाणारा मुख्य रस्ता लोकांच्या तोंडी रत्नागिरी–नागपूर महामार्ग. त्याचा वरचा भाग राष्ट्रीय महामार्ग ३६१, तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत विदर्भात जातो. चौपदरीकरणानंतर तुळजापूरपर्यंतचे अंतर बरेच आक्रसले. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी लातूरवरून जाणारी नांदेड–पनवेल एक्सप्रेस आहे. पनवेलला उतरले की अलिबाग-मुरूडची एसटी धरता येते.

आता राज्य शासनाने पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग आखला आहे. बारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्याच्या यादीत नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत. त्याचे एक टोक विदर्भात आणि दुसरे गोव्याच्या किनाऱ्याच्या दारात. अशा रस्त्याला किनारा महामार्ग म्हणता आले असते. शासनाने नाव दिले 'शक्तिपीठ महामार्ग', आणि समर्थनात माहूर, तुळजापूर, कोल्हापूरची देवी, औंढा, परळी, नांदेडचा गुरुद्वारा अशी देवस्थानांची यादी पुढे ठेवली. तालुक्याच्या गावातला बाप जे घरात करतो तेच राज्याने मंत्रालयात केले: जायचे समुद्राकडे, सांगायचे देवाचे.

या रस्त्याने नागपूर–गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल असा शासनाचा दावा आहे. तो खरा ठरला तर नांदेडहून सकाळी निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला सिंधुदुर्गात पोचेल आणि कोल्हापूरची रात्र गळेल. यात्रेची माळ तुटून एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री राहणे शक्य होईल, किंवा शनिवारी जाऊन रविवारी परत येणाऱ्यांची नवी गर्दी वाढेल. अलिबागचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो. दरम्यान कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत बागायती जमिनी या आखणीत जाणारे शेतकरी मोजणीला विरोध करत उभे आहेत. समांतर रस्ता असताना दुसरा कशाला, असे ते विचारतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी गणपतीपुळे पाहिले आहे, ते याच जुन्या रस्त्याने.